साइटच्या वहीत नाही, ते अहवालात नाही

(ब्राउनश्वाइगमध्ये एका रविवारी जमलेल्या मराठी बांधकाम कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



रविवारची झोप सोडून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "दादा, पगार, व्हिसा, खोलीचं भाडं एवढे विषय असताना हे खाण आणि तेल कंपन्यांच्या अहवालांचं काय काढलंत?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आधी देतो, मग पुढे जातो.

आपण इथे सळई बांधतो. ती सळई लोखंडाच्या खनिजातून येते. आपल्या शेजारी झाल्त्सगिटरला एवढा मोठा पोलाद कारखाना आहे. तो तिथे उभा राहिला, कारण जमिनीखाली खनिज होतं. तिथल्या खाणी केव्हाच बंद झाल्या, आता खनिज बाहेरच्या देशांतून येतं. क्रेनमधलं डिझेल तेलाच्या विहिरीतून येतं. म्हणजे आपल्या कामाच्या साखळीचं पहिलं टोक खाणीत किंवा समुद्रातल्या फलाटावर आहे, आणि तिथे राबणारा माणूस आपल्यासारखाच आहे. आपल्यातले काही जण इथे येण्याआधी आखातात रिफायनरीच्या कामावर होते, काही जण मुंबईला ऑफशोअरला जाऊन आलेत. उद्या कोणी परत जाईलही.

या कंपन्या दरवर्षी एक जाड अहवाल छापतात. इंग्रजीत सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, जर्मनमध्ये नाखहाल्टिशकाइट्सबेरिश्ट, मराठीत शाश्वतता अहवाल म्हणू. मुखपृष्ठावर झाड, आत हेल्मेट घातलेला हसरा कामगार. मला आज एवढंच सांगायचंय की त्या हसऱ्या फोटोतला माणूस आतल्या आकड्यांत मोजलेला आहे की नाही, हे आपल्याला बघता आलं पाहिजे. आणि तो आकडा वर ऑफिसात तयार होत नाही, तो साइटवरच्या वहीत जन्मतो. त्या वहीत काय लिहायचं, यात आपला हात असतो.

हे अहवाल आले कुठून

२४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि समुद्रात प्रचंड तेल सांडलं. त्यानंतर लोक आणि गुंतवणूकदार विचारायला लागले, कंपनी नफा सांगते तसं नुकसानही सांगायला नको का? त्यातून १९९७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला जीआरआय ही संस्था सुरू झाली. आता तिचं मुख्य ऑफिस आम्स्टरडॅमला आहे. अहवालात काय काय सांगायचं, त्याची मानकं ती तयार करते. तेल आणि वायू कंपन्यांसाठी वेगळं मानक २०२१ मध्ये आलं, खाणींसाठी २०२४ मध्ये.

भारतात हे काम सेबीने हातात घेतलं. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावाच लागतो. युरोपात यासाठी सीएसआरडी नावाचा नियम आहे, आणि जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा, लीफरकेटनगेझेत्स. ही नावं पाठ करायची गरज नाही. सगळीकडे प्रश्न एकच आहे: कंपनीने "आमचे कामगार" असं लिहिलं, तर त्यात कोण कोण धरलं?

आमचे कामगार म्हणजे कोण

याचं उत्तर शोधायला मुंबईच्या समुद्रात जाऊ.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये तेल यायला लागलं. तेव्हापासून तिथे ओएनजीसीची कायम माणसं आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने कंत्राटदारांची माणसं आहेत. वेल्डर, फिटर, रिगर, रंगारी, आचारी.

२७ जुलै २००५. एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या हाताला दुखापत झाली. त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ फलाटावर चढवायचं होतं. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र. ते जहाज फलाटाच्या राइझरवर, म्हणजे समुद्रातून वर येणाऱ्या वायूच्या पाइपवर आदळलं. गळती झाली, आग लागली, आणि दोनेक तासांत फलाट जळून गेला. २२ जण गेले, त्यातल्या काहींचे मृतदेहही मिळाले नाहीत.

आता १६ वर्षं पुढे या. १० मे २०२१ ला सेबीने बीआरएसआरचं परिपत्रक काढलं. कामगारांची सुरक्षा, अपघात, तक्रारी, सगळ्याचे तक्ते त्यात दिले. बरोबर सात दिवसांनी, १७ मे ला, तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज मुंबईपासून दूर समुद्रात नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. हा राहण्याचा बार्ज होता. दिवसभर फलाटावर काम करायचं आणि रात्री बार्जवर झोपायचं, अशी माणसं त्यावर होती. २६१ जण. नौदलाने रात्रभर लाटांतून माणसं काढली, तरी ७० पेक्षा जास्त माणसं गेली. वरप्रदा नावाची टगबोटही बुडाली, तिच्यावरचे ११ जण गेले. नातेवाईकांना ओळख पटवण्यासाठी डीएनएचे नमुने द्यावे लागले.

मंडळी, कागदावर ही माणसं कोणाची? तेलक्षेत्र ओएनजीसीचं. कामाचं कंत्राट अॅफकॉन्सकडे. बार्ज ड्युरमास्टचा, भाड्याने घेतलेला. आणि त्यावरच्या कितीतरी जणांना कामावर घेणारा ठेकेदार आणखी वेगळा. चार मजली इमारत समजा. तळमजल्यावरचा माणूस बुडाला, तर वरच्या तिन्ही मजल्यांना म्हणता येतं की तो आमच्या मस्टरवर नव्हता.

म्हणून मी म्हणतो, अहवालातला पहिला प्रश्न झाडांचा किंवा कार्बनचा नाही, मोजणीचा आहे. जीआरआयचं सुरक्षेचं मानक स्पष्ट सांगतं की जे तुमचे नोकर नाहीत, पण ज्यांचं काम किंवा कामाची जागा तुमच्या नियंत्रणात आहे, त्यांचे अपघातही सांगा. बीआरएसआरच्या अपघातांच्या तक्त्यात खाली टीप आहे की कंत्राटी मनुष्यबळ धरून आकडा द्यावा. युरोपची २०२३ ची मूळ मानकं सांगतात की मृत्यू मोजताना कंपनीच्या जागेवर काम करणारी बाहेरची माणसंही धरा. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना चार मजल्यांचा हा खेळ चांगला माहीत आहे. नियम आहे. तो पाळला का, हे बघणारं माणूस पाहिजे.

गोव्याचंही उदाहरण घ्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींच्या लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून खाणकाम थांबलं. कोर्टापुढे कायदेभंगाचा प्रश्न होता, त्यावर मी बोलत नाही. पण खाण बंद पडली तेव्हा ट्रकचे ड्रायव्हर, मांडवी-जुवारीवरच्या बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले असे कितीतरी जण घरी बसले. हे लोक खनिजावरच जगत होते, पण खाण कंपनीचे नोकर नव्हते. खनिजाचा टन न् टन कागदावर असतो. त्या टनामागचा माणूस कागदावर असेलच असं नाही.

आकड्याचं गणित

आता थोडं गणित, घाबरू नका. अहवालात एलटीआयएफआर असा एक आकडा असतो. दुखापत होऊन ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर येता आलं नाही, असे अपघात किती, दर १० लाख कामाच्या तासांमागे. काही कंपन्या २ लाख तासांमागे सांगतात, तेव्हा तोच आकडा पाचपट लहान दिसतो. म्हणून आधी बघायचं, १० लाख की २ लाख.

समजा एका कंपनीची कायम माणसं ५००. वर्षाला प्रत्येकी २,००० तास, म्हणजे १० लाख तास. अपघात १. दर आला १. त्याच जागेवर कंत्राटी माणसं २,०००. ती जास्त राबतात, प्रत्येकी २,५०० तास, म्हणजे ५० लाख तास. अपघात २०. दर आला ४. दोन्ही मिळून ६० लाख तासांत २१ अपघात, दर ३.५. कंपनीने फक्त स्वतःची माणसं मोजली तर छापणार १. सगळी मोजली तर ३.५. जागा तीच, वर्ष तेच, मोडलेली हाडंही तीच.

दुसरी गोम आणखी खाली आहे. मी भारतात असताना एका मोठ्या शटडाऊनवर ज्युनियर सुपरवायझर होतो. गेटवर भला मोठा बोर्ड होता, "अपघाताविना इतके लाख तास". ठरावीक आकडा गाठला की सगळ्यांना प्रेशर कुकर मिळणार होता. आता गंमत बघा, कुकर सगळ्यांना, म्हणजे कोणी जखमी झाला की बाकीचे त्याच्यावरच चिडणार. एका रिगरचं बोट स्लिंगमध्ये चेपलं. नख गेलं, हाड चिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाठवून त्याला खोलीवरून आणलं आणि टूलरूममध्ये खुर्चीवर बसवलं. हजेरी लागली. हजेरी लागली म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही. दिवस बुडाला नाही म्हणजे तो अपघात त्या आकड्यात येत नाही. बोर्डावरचा आकडा चालू राहिला, कुकर वाटले गेले. मुकादम त्याला म्हणाला, "बसून पगार मिळतोय, तुला काय वाईट आहे?" तोही तेव्हा हसला. पण सहा महिन्यांनी बोट वाकत नव्हतं, आणि भरपाई मागायला गेला तर विचारलं, अपघाताची नोंद कुठे आहे?

इथेच सगळं येतं. वहीत नाही, म्हणून बोर्डावर नाही. बोर्डावर नाही, म्हणून मासिक रिपोर्टमध्ये नाही. तिथे नाही, म्हणून चकचकीत अहवालात नाही. आणि जे अहवालात नाही, त्यासाठी पुढच्या वर्षी पैसे मंजूर होत नाहीत. चांगली स्लिंग येत नाही, दुसरा रिगर मिळत नाही.

अहवाल खोटा असेल तर

कोणी म्हणेल, एवढं सगळं कागदच ना, खोटं लिहिलं तर कोण विचारतो? विचारतात. फार उशिरा विचारतात, पण विचारतात.

२५ जानेवारी २०१९, ब्राझीलमधलं ब्रुमाडिन्यो. वाले या लोखंड कंपनीचा खाणीतला गाळ अडवणारा बांध दुपारी जेवणाच्या वेळी फुटला. कामगारांचं कँटीन आणि ऑफिस बांधाच्या खालच्या अंगाला होतं. जेवायला बसलेली माणसं गाळाखाली गेली. २७० मृत्यू. त्यात बहुतेक वालेचे आणि तिच्या कंत्राटदारांचे कामगार. बांध स्थिर असल्याचं प्रमाणपत्र आदल्याच वर्षी एका जर्मन कंपनीच्या, ट्युफ झ्युडच्या, ब्राझीलमधल्या शाखेने दिलेलं होतं. आपल्या गाडीवर ज्या ट्युफचा शिक्का असतो, त्याच घराण्यातलं नाव.

पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने वालेवर दावा लावला. आरोप असा की शाश्वतता अहवालांत आणि तशा इतर कागदांत बांधांच्या सुरक्षेबद्दल कंपनीने लोकांची आणि गुंतवणूकदारांची दिशाभूल केली. २०२३ मध्ये कंपनीने ५ कोटी ५९ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. म्हणजे शाश्वतता अहवालातलं वाक्य कोर्टात उभं राहू शकतं. पण मी सुपरवायझर म्हणून दुसऱ्याच गोष्टीकडे बघतो. बांधाच्या खाली कँटीन आहे, हे तिथे रोज जेवणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. धोका सगळ्यात आधी ज्याला दिसतो, त्याला अहवाल लिहिताना कोणी विचारत नाही.

आपल्या शेजारची खाण

ब्राझील लांब आहे, तर इथलं सांगतो. ब्राउनश्वाइगपासून वीसेक किलोमीटरवर, वोल्फनब्युटेलच्या पलीकडे रेमलिंगेन गावाजवळ आस्से नावाची मिठाची जुनी खाण आहे. आजूबाजूच्या गावांत अंगणात पिवळा लाकडी "ए" उभा केलेला दिसतो. नवीन आलेल्या माणसाला ती कसली तरी जाहिरात वाटते. तो या खाणीचा "ए" आहे.

१९६७ ते १९७८ या काळात या खाणीत सुमारे १,२६,००० पिंपं किरणोत्सारी कचरा ठेवला. नाव काय, तर संशोधन. १९८८ पासून खाणीत खारं पाणी झिरपायला लागलं, अनेक वर्षं दिवसाला साधारण १२,००० लिटर. ते पाणी खाली उतरून कोणीतरी रोज गोळा करत होतं, पंपाने काढत होतं. म्हणजे खालच्या माणसांना माहीत होतं. त्यातल्या काही पाण्यात किरणोत्सारी सीझियम असल्याचं प्रकरण २००८ मध्ये चव्हाट्यावर आलं तेव्हा जर्मनी हादरली.

आता लक्ष द्या, यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. इतकी वर्षं ही जागा खाणकामाच्या कायद्याखाली चालवली जात होती, अणुकायद्याखाली नाही. २००९ पासून ती अणुकायद्याखाली आली आणि चालवणारी संस्थाही बदलली. त्याच पिंपांसाठी वेगळे नियम, वेगळी तपासणी, लोकांना वेगळी माहिती. म्हणजे एखाद्या गोष्टीला कुठल्या रकान्यात टाकता, त्यावर काय सांगावं लागेल हे ठरतं. कचऱ्याला "संशोधन" म्हटलं की प्रश्न कमी. वेल्डरला "पुरवठादाराचा माणूस" म्हटलं की प्रश्न कमी.

हा रकाना कोणी बदलायला लावला? गावकऱ्यांनी. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्राउनश्वाइगपासून आस्सेमार्गे झाल्त्सगिटरच्या कोनराड खाणीपर्यंत लोक दिवे घेऊन साखळी करून उभे राहिले होते. २०१३ मध्ये कचरा परत बाहेर काढण्याचा कायदा झाला. काम अजून व्हायचंय, पण आज खाण चालवणारी सरकारी कंपनी किती पाणी आलं याचे आकडे जाहीर करते. ते आकडे आपणहून कोणी दिले नाहीत, मागून घेतले.

अहवाल कसा वाचायचा

अख्खा अहवाल वाचायची गरज नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तो फुकट असतो. मोबाइलवर उघडा आणि पाच गोष्टी बघा. इंग्रजी जड वाटलं तर दोघांनी मिळून बघा.

पहिली, हद्द. अहवालात कुठल्या साइट आणि कुठल्या उपकंपन्या धरल्यात, हे सुरुवातीला बारीक अक्षरात असतं. तुमची साइट त्यात नसेल, तर पुढचे सगळे आकडे तुमच्याबद्दल नाहीत.

दुसरी, माणसांचा तक्ता. कायम किती, कायम नसलेले किती. भारतीय कंपनीच्या बीआरएसआरमध्ये हा तक्ता पहिल्याच भागात असतो. कायम नसलेले जास्त असतील, तर पुढे सुरक्षेचा आकडा त्यांच्यासाठी वेगळा दिलाय का ते बघा.

तिसरी, मृत्यू आणि अपघात. दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. तुम्हाला एखादा अपघात माहीत आहे, त्या वर्षीच्या तक्त्यात तो दिसतो का? हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पक्का तपास आहे. तो बाहेरच्या ऑडिटरला करता येत नाही, तुम्हाला येतो.

चौथी, तक्रारी. वर्षभरात किती आल्या, किती शिल्लक. २०,००० माणसांच्या कंपनीत कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रारी शून्य असतील, तर मी खूश होत नाही. एक तर तिथे स्वर्ग आहे, नाही तर तक्रार कुठे करायची हे कोणाला माहीत नाही.

पाचवी, बाहेरच्याची तपासणी. शेवटी कोणा ऑडिटरचं पत्र असतं. त्याने कुठले आकडे तपासले आणि कुठले नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. नुसता शिक्का बघून पान उलटू नका. ब्रुमाडिन्योच्या बांधालाही शिक्का होता.

आखातात गेलेल्यांसाठी आणखी एक. कामावर यायला एजंटला पैसे कोणी दिले, कंपनीने की कामगाराने, याबद्दल अहवालात काही आहे का ते शोधा. मानवी हक्कांवर दहा पानं आणि एजंटच्या पैशांवर एक ओळ नाही, तर ती दहा पानं आपल्यासाठी नाहीत.

आपण काय करायचं

आता इथल्या आपल्या कामाचं. आपण खाणीत नाही, बांधकामावर आहोत, पण वहीचा नियम तोच.

एक. जर्मनीत साइटवर प्रथमोपचाराची नोंदवही असते, फरबान्डबूख. कापलं, पाय मुरगळला, डोळ्यात चुरा गेला, काहीही झालं तरी नोंद करायची: तारीख, वेळ, जागा, कसं झालं, कोणी पाहिलं. ही नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. आज लहान वाटलेली जखम तीन महिन्यांनी मोठी झाली, तर हीच ओळ तुमच्या बाजूने उभी राहते. लाज बाळगू नका, मर्दानगी दाखवू नका.

दोन. डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य: हा आर्बाइट्सउनफाल आहे, कामावरचा अपघात. कामाच्या अपघातांचे वेगळे मान्यताप्राप्त डॉक्टर असतात, दे-आर्त्स्ट, त्यांच्याकडे जा. "घरी पडलो म्हणून सांग" असं कोणी सुचवलं, तर समजा की तुमचा अपघात वहीतून पुसायचा आहे, आणि उपचाराची, पुढच्या पेन्शनची जबाबदारीही.

तीन. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहिलं, तर मालकाला अपघात विमा संस्थेला कळवावंच लागतं, कळल्यापासून तीन दिवसांच्या आत. बांधकामासाठी ही संस्था म्हणजे बेगे बाउ. त्या कागदाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा, आणि त्यात काय घडलं असं लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या.

चार. मोठ्या कंपनीकडे तक्रार. १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा लागू आहे. आधी ३,००० कामगारांच्या कंपन्यांना, २०२४ पासून जर्मनीत १,००० किंवा जास्त कामगार असलेल्यांना. या कंपन्यांना तक्रारीची व्यवस्था ठेवावी लागते. ती फक्त त्यांच्या नोकरांसाठी नाही, पुरवठादाराच्या आणि त्याच्याही पुरवठादाराच्या कामगारांसाठी आहे. म्हणजे ब्राझीलच्या किंवा भारतातल्या खाणीतला माणूससुद्धा इथल्या कंपनीकडे तक्रार करू शकतो. नाव गुप्त ठेवणं आणि तक्रारदाराला त्रास न होऊ देणं कायद्यात आहे. तिथे काम झालं नाही, तर बाफा या सरकारी कार्यालयाकडे जाता येतं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. २०२३ मध्ये हेसेन राज्यात ग्रेफेनहाउझेनच्या हायवेवरच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा देशांतल्या ट्रक ड्रायव्हरांनी ट्रक उभे केले. मालक पोलंडचा, पगार थकलेला. त्यांनी आठवडेच्या आठवडे थांबून पगार मिळवला, आणि त्याच वर्षी दुसऱ्यांदाही तसंच करावं लागलं. त्यांची ताकद कशात होती? ट्रकमधला माल कोणत्या मोठ्या कंपन्यांचा आहे, हे मालाच्या कागदांवर होतं. ड्रायव्हर त्या कंपन्यांचे कोणीच नव्हते, पण साखळीत होते. बाफानेही त्या कंपन्यांकडे चौकशी लावली. म्हणून मी सांगतो, तुमच्या साइटवर येणाऱ्या मालाच्या, गेट पासच्या, ड्युटीच्या कागदांवर कोणाचं नाव आहे ते बघून ठेवा. सगळ्यात वरचा मजला कोणाचा, हे माहीत पाहिजे.

पाच. एकटे जाऊ नका. बांधकामाची युनियन इगे बाउ आहे. युरोपबाहेरून आलेल्या कामगारांसाठी फेअर इंटिग्रेशन नावाची सल्ला केंद्रं आहेत, सल्ला मोफत मिळतो.

एक शंका आणि एक इशारा

शंका मला माहीत आहे. "लिहिलं तर काढून टाकतील. व्हिसा कामावर टांगलेला आहे." ही भीती खोटी नाही, आणि ती नाही असं सांगणारा माणूस तुमचा मित्र नाही. म्हणूनच मी आधी वहीचं सांगितलं, तक्रारीचं नंतर. नोंद करणं हा भांडणाचा प्रकार नाही, तो रोजच्या कामाचा भाग आहे. टूलबॉक्स टॉकला सगळ्यांनी मिळून एक धोका सांगितला आणि तो लिहून घ्या म्हटलं, तर कोणा एकाचं नाव पुढे येत नाही. जे सुपरवायझर, फोरआरबाइटर इथे बसलेत, त्यांना माझं वेगळं सांगणं आहे: आपल्या वहीत खरं लिहिलं गेलं, तर खालच्या माणसाला धाडस करावं लागत नाही.

इशारा असा. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने या अहवालांचं ओझं कमी करायचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मन मंत्रिमंडळाने पुरवठा साखळी कायद्यातलं अहवाल देण्याचं बंधन काढण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली. तक्रारीच्या व्यवस्थेचं बंधन त्यात काढलेलं नाही. कंपन्या म्हणतात, कागद फार झाले. खरंही असेल, कागद मलाही भरावे लागतात. पण कागद कमी करताना आधी कुठला रकाना जातो, यावर लक्ष ठेवा. झाडांचा फोटो जाणार नाही. जाईल तो कंत्राटी माणसाचा रकाना.

अहवाल कमी होतील तसं तक्रारीचं आणि वहीचं वजन वाढणार आहे. कारण तेवढंच आपल्या हाताने लिहिलेलं असतं.

तर मंडळी, या आठवड्यात एक छोटं काम करा. सोमवारी साइटवर गेलात की विचारा, "आपली फरबान्डबूख कुठे असते?" बांधकामाच्या ऑफिसात, कंटेनरमध्ये, कुठेही असो, जागा बघून ठेवा. आणि आखातात किंवा मुंबईला ऑफशोअरला कोणी भाऊ, मेव्हणा, गाववाला असेल, तर त्याला फोनवर विचारा, तुझ्या बार्जवर, तुझ्या कॅम्पवर अपघात कोण लिहितो, आणि कोणाच्या नावावर लिहितो. उत्तर पुढच्या वेळी येताना घेऊन या, आपण मिळून त्या कंपनीचा अहवाल उघडू आणि ताडून बघू.

आता चहा आलाय. प्रश्न असतील तर विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी नंतर बाजूला भेटा, मी शेवटपर्यंत इथेच आहे.